पोराला एकवीस गिअर नकोत, दोन ब्रेक हवेत

गेल्या महिन्यात तीन फोन आले. तिन्ही आपल्याच माणसांचे. एक साताऱ्याहून, सिकंदराबादला माझ्याबरोबर ट्रेनिंगला होता, आता पेन्शनवर आहे. दुसरा कोल्हापूरकडचा, सध्या राजस्थानात. तिसरी माझी चुलत बहीण, तिचे यजमान नौदलात, मुक्काम विशाखापट्टणम. तिघांचा प्रश्न एकच. पोरगा चौदा-पंधरा वर्षांचा झालाय, माउंटन बाइक पाहिजे म्हणून हट्ट धरून बसलाय, दहा-पंधरा हजारांत कुठली घेऊ? तुम्ही ईएमईवाले, तुम्हाला गाड्यांमधलं कळतं.

ईएमईवाला आहे हे खरं. चोवीस वर्षं गाड्यांच्या खाली झोपून काढली आहेत. सायकलीतलं कळतं का, असं वर्षापूर्वी कुणी विचारलं असतं तर छाती पुढे काढून हो म्हणालो असतो. आज सांगतो, तेव्हा कळत नव्हतं. ते कळायला माझ्या पोराचं मनगट मोडावं लागलं.

या लेखात कुठल्या कंपनीचं कुठलं मॉडेल घ्या ते मी सांगणार नाही. मॉडेलचं नाव दरवर्षी बदलतं, स्टिकरचा रंग त्याच्याही आधी बदलतो. मला भांडायचंय ते वेगळ्याच गोष्टीसाठी. आपल्या बजेटमध्ये ‘माउंटन बाइक’ म्हणून जे विकलं जातं, त्यातलं बरंचसं डोंगरावर न्यायच्या लायकीचं नसतं. आणि त्याचा दोष एकट्या दुकानदाराच्या माथी मारता येत नाही. आपण बाप लोक जे मागतो तेच तो देतो. आपण मागतो दिखावा.

आता माझी गोष्ट. ती सांगितल्याशिवाय पुढचं बोलायचा मला अधिकार नाही.

सध्या पोस्टिंग रानीखेतला आहे. कुमाऊँचे डोंगर, सहा हजार फुटांची उंची, देवदार आणि चीडची झाडं, आणि आकाश साफ असेल त्या दिवशी समोर नंदादेवी, त्रिशूळ. कुमाऊँ रेजिमेंटचं सेंटर इथलंच. फॅमिली क्वार्टर मिळालं आणि घरची मंडळी आली. पोरगा चौदाचा, उंची पाच फूट दोन इंच, वजन 44 किलो. इथली पोरं डोंगरात सायकली पिटाळतात ते त्यानं पाहिलं आणि दुसऱ्याच आठवड्यात मागणी आली.

दिवाळीच्या सुट्टीत खाली मैदानात उतरलो होतो, तिथल्या एका मोठ्या दुकानातून सायकल घेतली. लाल-काळी. पुढे सस्पेन्शन, मागेही सस्पेन्शन. दोन्ही चाकांना डिस्क ब्रेक. एकवीस गिअर. किंमत 12,800 रुपये. दुकानातल्या पोरानं खोक्यातून काढून वीस मिनिटांत जोडून दिली. मी काय पाहिलं? रंग पाहिला. गिअर मोजले. मागची स्प्रिंग हातानं दाबून पाहिली आणि मान डोलावली. हॉर्न फुकट मिळतोय का ते विचारलं.

चौथ्या आठवड्यात पोरगा मित्रांबरोबर चौबटियाला गेला. जाताना चढ, निम्मा रस्ता सायकल ढकलतच नेली. येताना उतार. झूला देवीचं देऊळ आहे त्या रस्त्यावर, नवसाच्या हजारो घंटा बांधलेल्या आहेत तिथे. देवळाच्या खाली एका वळणावर त्यानं पुढचा ब्रेक दाबला आणि लिव्हर सरळ हँडलला जाऊन टेकलं. मागचा दाबला, त्याचा नुसता आवाज आला. एका बाजूला दरी, दुसऱ्या बाजूला डोंगर आणि डोंगराच्या कडेनं नाली. पोरानं हँडल डोंगराकडे वळवलं. तेवढी अक्कल त्याला देवानं दिली म्हणा, नाहीतर आईनं. नालीत पडला, डावं मनगट मोडलं, गुडघा आणि हनुवटी सोलली. मिलिटरी हॉस्पिटलात प्लॅस्टर झालं, सहा आठवड्यांचं.

दुसऱ्या दिवशी ती सायकल शेडमध्ये घेतली आणि पाना हातात धरून बसलो. हे काम मी विकत घेतानाच करायला हवं होतं.

पुढच्या ब्रेकची केबल ज्या बोल्टखाली धरलेली असते, तो बोल्ट नीट कसलेलाच नव्हता. केबल रोज थोडी थोडी सरकत होती, त्या दिवशी निसटली. मागच्या डिस्कचं कॅलिपर तिरकं बसवलेलं, एकच पॅड घासत होतं आणि तेही काचेसारखं गुळगुळीत झालेलं. पुढच्या चाकाचा एक नट मी बोटांनी फिरवून काढला. डाव्या पायडलचे आटे अर्धे गेलेले. डाव्या पायडलला उलटे आटे असतात, हे जोडणाऱ्या पोराला कुणी सांगितलं नसावं, त्यानं जोर लावून तिरकंच घुसवलं होतं. मागचं सस्पेन्शन ज्या सांध्यावर हलतं, तिथे बेअरिंग नव्हतं. प्लॅस्टिकच्या बुशमध्ये एक बोल्ट होता आणि चार आठवड्यांत तो खुळखुळायला लागला होता. मग सायकल रेशनच्या वजनकाट्यावर चढवली. साडेअठरा किलो.

44 किलोच्या पोराला साडेअठरा किलोची सायकल. माझं वजन 75. त्या हिशेबानं मला साडेएकतीस किलोचं धूड चढावर रेटायला लावण्यासारखं झालं. आणि मी त्या पोराला म्हणालो होतो, तुमच्या पिढीच्या पायात दमच नाही!

माजी सैनिक बंधूंनो, तुम्हाला फर्स्ट परेड सांगायला नको. सकाळी गाडी लाइनबाहेर काढण्याआधी तेल, पाणी, टायर, चाकाचे नट, ब्रेक, लाइट. मधल्या मुक्कामावर हॉल्ट परेड, परत आल्यावर लास्ट परेड. नट ढिला असताना गाडी सोडली तर ड्रायव्हरबरोबर मीही साहेबांसमोर उभा. मी हजारो गाड्या अशा तपासून सोडल्या असतील. आणि स्वतःचं पोरगं ज्या वाहनावर बसून डोंगर उतरणार, ते वाहन मी रंग पाहून सोडलं. हे मला आजही गिळवत नाही.

पण खरा घाव पुढे बसला. प्लॅस्टर घातलेला हात मांडीवर ठेवून पोरगा म्हणाला, “पप्पा, ब्रेक दोन दिवस सैल लागत होता. तुम्ही एवढे पैसे घातलेत म्हणून बोललो नाही.”

त्याची आई तिथेच उभी होती. ती मला एवढंच म्हणाली, “अहो, तुमच्या वर्कशॉपमध्ये एखाद्यानं बिघाड लपवला तर तुम्ही काय करता?”

उत्तर मला माहीत होतं. बिघाड लपवणाऱ्याला शिक्षा होते. पण त्याचबरोबर हेही विचारलं जातं की तो का लपवावासा वाटला. इथे लपवावासा वाटला कारण मी सायकलीबरोबर पोराच्या डोक्यावर 12,800 रुपयांचा उपकार ठेवला होता. येता-जाता ऐकवत होतो, आमच्या वेळी असलं काही नव्हतं. उपकाराखाली दबलेला पोरगा तक्रार करत नाही. तो गप्प बसतो आणि उतारावरून खाली येतो.

आता एकेक गोष्ट घेऊ.

पहिलं सस्पेन्शन. ते नसेल तर माउंटन बाइक कसली, असा आपला समज आहे. तर ऐका. माउंटन बाइक जिथे जन्मली ती जागा म्हणजे अमेरिकेतला कॅलिफोर्निया, मरिन काउंटी, माउंट टॅमलपायसचा परिसर. 1970 च्या दशकात तिथली पोरं 1930-40 च्या जमान्यातल्या जाड टायरच्या भंगार सायकली घेऊन डोंगरावरून सुटायची. 1976 साली त्यांनी रीपॅक नावाची शर्यत सुरू केली. सुमारे दोन मैलांत 1300 फूट उतार. जुन्या सायकलींचा ब्रेक मागच्या हबमध्ये असायचा. खाली पोहोचेपर्यंत तो इतका तापायचा की आतलं ग्रीस धूर होऊन उडून जायचं, मग हब खोलून ग्रीस पुन्हा भरायचं. म्हणून नाव रीपॅक. या खेळातून गॅरी फिशर, जो ब्रीझ, टॉम रिची ही माणसं पुढे आली आणि नवी सायकल घडली. त्या सायकलीला सस्पेन्शन नव्हतं. पुढच्या फोर्कमधलं सस्पेन्शन बाजारात आलं ते 1989 च्या सुमाराला. म्हणजे दहा-बारा वर्षं जगातले पहिले माउंटन बाइकवाले सरळ, ताठ फोर्कवर डोंगर उतरत होते. त्यांची झोप उडवणारी गोष्ट होती ब्रेक!

आपल्या धंद्यातलंही उदाहरण घ्या. 1941-42 मध्ये मलायात जपानी पायदळ सायकलींवरून खाली सिंगापूरपर्यंत आलं. टायर फाटले तर नुसत्या रिमवर चालवत आले. 1954 मध्ये दिएन बिएन फूच्या वेढ्यासाठी व्हिएतनामी लोकांनी जंगलातून सायकलींवर लादून रसद नेली, एकेका सायकलीवर दोनशे किलोच्या आसपास, हातानं ढकलत. त्या सायकलींना कुठे स्प्रिंगा होत्या? पण मजबूत फ्रेम होती, आणि मोडलं तर रस्त्यात दुरुस्त करता येत होतं.

चांगलं सस्पेन्शन ही चांगलीच गोष्ट आहे, माझं त्याच्याशी वैर नाही. पण त्यात तेलाचं किंवा हवेचं दमन लागतं, सील लागतात, चांगली बेअरिंगं लागतात, आणि त्याला पैसे पडतात. दहा-बारा हजारांच्या सायकलीत ते मिळत नाही. मिळते ती नळीत कोंबलेली लोखंडी स्प्रिंग. ती खड्ड्यात आपटते, चढावर तुमच्या पोराच्या पायाचा जोर खाऊन टाकते आणि दोन-अडीच किलो वजन वाढवते. मागचं सस्पेन्शन तर या किमतीत शुद्ध फसवणूक आहे. प्रत्येक पायडलला सायकल बसते-उठते, पोरगा दमतो, आणि सांधा सैल झाला की मागचं चाक आपल्या मनानं चालायला लागतं. मागे स्प्रिंग दिसली की दुकानातून बाहेर पडा.

दुसरं, एकवीस गिअर. हा आकडा ऐकून बाप लोक खूष होतात. जरा गणित करू. पुढे तीन चकत्या, समजा 24, 34 आणि 42 दात्यांच्या. मागे सात, 14 पासून 28 पर्यंत. पुढे 24 आणि मागे 14 घातलं तर पायडलच्या एका फेऱ्याला चाक 1.71 वेळा फिरतं. पुढे 34 आणि मागे 20 घातलं तर 1.70. पुढे 42 आणि मागे 24 घातलं तर 1.75. तीन गिअर मोजले, मिळाला एकच. शिवाय पुढची सगळ्यात मोठी आणि मागची सगळ्यात मोठी चकती एकदम वापरली तर चेन तिरकी ताणली जाते आणि लवकर झिजते. असे कोपरे सोडले की एकवीसातले खरोखर वेगळे, वापरण्यासारखे दहा-बारा उरतात.

गिअर वाईट नाहीत. डोंगरात तर हवेतच. वरच्या हिशेबात सगळ्यात हलक्या गिअरवर, 26 इंची चाकाला, पायडलचा एक फेरा सायकलीला पावणेदोन मीटर पुढे नेतो. साध्या बिनगिअरच्या सायकलीत तोच फेरा पाच मीटरच्या आसपास नेतो. म्हणून चौबटियाच्या चढावर बिनगिअरची सायकल म्हणजे शिक्षा. पण सांगली-मिरजेच्या सपाट रस्त्यावर, क्लासला जायला-यायला, एकवीस गिअर म्हणजे बिघडायला एकवीस निमित्तं. मुलगा कुठे चालवणार ते आधी पाहा. आणि एक लक्षात ठेवा, गिअर बदलणाऱ्या यंत्रावर शिमानोचं नाव दिसलं म्हणजे सगळी सायकल त्या दर्जाची झाली, असं होत नाही. बऱ्याच सायकलींत मागचा एक भाग नावाचा, आणि ब्रेक, हब, पायडल सगळं बिननावाचं.

तिसरं, ब्रेक. डिस्क म्हणजे भारी, हा आणखी एक गैरसमज. चांगली डिस्क चिखल-पाण्यात रिमब्रेकपेक्षा सरस असते, हे मान्य. पण स्वस्तातली, केबलवर चालणारी, पत्रा वाकतो तसं कॅलिपर वाकणारी डिस्क आणि चांगला व्ही-ब्रेक यांत मी डोळे झाकून व्ही-ब्रेक घेईन. त्यात काय चाललंय ते डोळ्यांना दिसतं. रबर झिजलं ते पोराला कळतं. चाळीस-पन्नास लाख वस्तीच्या शहरापासून ते शेवटच्या खेड्यापर्यंत कुठलाही सायकलवाला तो लावून देतो.

अट एकच, रिम अलॉयची हवी. लोखंडी, चकचकीत रिम ओली झाली की रबर नुसतं घसरतं, पावसात ब्रेक लावला काय नि न लावला काय. दुकानदार सगळ्याच रिमला अलॉय म्हणतो. खिशात फ्रिजवरचं लोहचुंबक घेऊन जा. चिकटलं तर लोखंड, नाही चिकटलं तर अलॉय. दोन रुपयांची तपासणी आहे, दुकानदाराशी वाद घालावा लागत नाही.

चौथं, माप. “वाढत्या अंगाचं पोरगं आहे, मोठीच घेऊ.” हे वाक्य शर्टाला चालतं. सायकलीला चालत नाही. मोठ्या फ्रेमवर पोराचे पाय जमिनीला टेकत नाहीत, हात ताणले जातात, बोटं ब्रेकच्या लिव्हरपर्यंत नीट पोहोचत नाहीत. अचानक थांबायची वेळ आली की मधली दांडी नको तिथे लागते. मधल्या दांडीवर दोन्ही पाय टाकून, पाय जमिनीला पूर्ण टेकवून पोरगा उभा राहिला पाहिजे आणि दांडी व त्याच्यात किमान दोन-तीन इंच जागा हवी. पाच फूट ते साडेपाच फूट उंचीच्या मुलाला साधारण 15-16 इंची फ्रेम बरी पडते. सीट वर सरकवता येते, वाढत्या अंगाची सोय सीटच्या नळीत असते. आणि चाकाचा आकडा, 26, 27.5, 29, हा फ्रेमचा आकडा नव्हे. पुष्कळ दुकानांत चाकाचंच माप सांगून बोळवण करतात.

इथपर्यंत वाचून आपल्यातले काही ज्येष्ठ मनात म्हणत असतील, म्हणूनच आमची ती काळी सायकल बरी. मी त्यांच्याशीही भांडणार आहे. मीही लहानपणी दांडीच्या आत पाय घालून लंगडी मारतच सायकल शिकलो, पंचवीस पैसे तासाची भाड्याची आणून. त्या सायकलीवर माझं प्रेम आहे. सपाट मुलखात, दुधाच्या किटल्या वाहायला तिला तोड नव्हती. पण तिचे ते सळईचे ब्रेक आणि लोखंडी रिमा घेऊन पावसात रानीखेतचा उतार उतरून दाखवा, मग बोलू. जुनं ते सोनं म्हणत पोराला नको ती वस्तू गळ्यात मारणं आणि स्प्रिंगा पाहून भुलणं, दोन्हींत पोराकडे पाहायचं राहूनच जातं.

दुसऱ्या टोकाला शहरातले सायकल क्लबवाले. त्यांचं म्हणणं, पन्नास हजारांच्या खाली सायकलच नाही, बाकी सगळं भंगार. साहेब, नायकाच्या-हवालदाराच्या घरात दोन पोरांच्या फिया भरायच्या असतात, गावी आईचं औषध पाठवायचं असतं. पन्नास हजारांची सायकल हे त्याला उत्तर नाही, तो त्याचा अपमान आहे. तुमचं ऐकून तो माणूस निराश होतो आणि दुकानात जाऊन स्प्रिंगवाली उचलून आणतो. कमी पैशांत चांगली सायकल होते. फक्त तिच्यात काय नको, ते आधी ठरवावं लागतं.

मी काय केलं ते सांगतो. कॅन्टोन्मेंटमध्ये एक सोय असते जी शहरातल्यांना नसते. दर वर्षी पोस्टिंगच्या हंगामात निम्मी लाइन सामान बांधत असते. कूलर, कपाट, सायकल, सगळं विकायला निघतं. एका केरळच्या हवालदाराचं कुटुंब निघालं होतं. त्यांच्या मुलीची सायकल होती. स्टीलची फ्रेम, साधा ताठ फोर्क, व्ही-ब्रेक, अलॉय रिम, मागे सहा गिअर आणि पुढे तीन. माप बरोबर. रंग उडालेला. 4,500 रुपयांना दिली, वर एक पंपही दिला. वहिनी म्हणाल्या, साहेब, बिघाड काहीच नाही, फक्त ब्रेकचे रबर बदला. खरं बोलल्या.

चारही ब्रेकरबर, सगळ्या केबली, चेन आणि दोन्ही टायर नवे घातले, 1,900 रुपये. हेल्मेट 1,200. एकूण 7,600. काटा केला तेव्हा चौदा किलो भरली. पहिल्या सायकलीच्या किमतीत ही हेल्मेटसकट आली असती आणि वर पाच हजार शिल्लक राहिले असते.

ती पहिली विकली का, असं काहींनी विचारलं. नाही विकली. दुसऱ्याच्या पोराला ती देणं मला जमलं नाही. चाकं आणि सीट काढून ठेवली, बाकी भंगारात दिली.

नवी म्हणजे ही जुनी सायकल आम्ही दोघांनी दोन रविवार बसून खोलली. प्लॅस्टर निघालं होतं, पण हातात जोर नव्हता, म्हणून पाना मी धरायचो आणि काय करायचं ते तो सांगायचा. हबचे छर्रे रॉकेलमध्ये धुतले, ग्रीस भरलं. चाकाचा आऊट काढायला तो शिकला. कुठली तार ताणायची, कुठली सैल सोडायची, हे मला नीट जमत नाही, त्याला जमतं. आता ती सायकल त्याच्या ओळखीची आहे. कुठून आवाज आला तर कुठल्या भागाचा, हे तो सांगतो.

दुकानातून घ्या, कॅन्टीनमधून घ्या किंवा कुणाची वापरलेली घ्या. पैसे हातातून सुटण्याआधी दहा मिनिटांची फर्स्ट परेड करा. पोराला बरोबर न्या, त्याच्याकडूनच करून घ्या.

दोन्ही चाकांच्या नटांना 15 चा पाना लावून पाहा, नट एक सूतही हलता कामा नये. चाक उचलून फिरवा, ब्रेकरबरच्या जागी नजर ठेवा, रिम डावी-उजवी नाचत असेल तर आऊट काढून मागा. तारा दोन-दोन दाबून पाहा, एखादी लुळी असेल तर सांगा. पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढे ढकला. पुढचं चाक सरकलं नाही आणि मागचं उचललं गेलं तर ब्रेक धरतोय. त्याच वेळी हँडलखाली टकटक जाणवली तर तिथले छर्रे सैल आहेत. लिव्हर पूर्ण जोरानं दाबा, ते हँडलला टेकता कामा नये. फोर्क उलटा बसवलेला नाही ना, ते पाहा. ताठ फोर्कचा बाक पुढच्या बाजूला असतो आणि व्ही-ब्रेक फोर्कच्या पुढे दिसतो. हसू नका, उलटे फोर्क मी इथल्या रस्त्यावर दोनदा पाहिले आहेत. दोन्ही पायडल हातानं फिरवून आटे सरळ गेले आहेत का पाहा. शेवटी पोराला सायकल उचलून चार पायऱ्या चढायला सांगा. उचलता आली नाही तर ती त्याची सायकल नाही.

आणि घरी आणल्यावर एक काम बापाचं. किंमत पुन्हा तोंडातून काढायची नाही. पोरानं येऊन सांगितलं, ब्रेक सैल वाटतोय, तर हातातला चहा खाली ठेवून उठायचं. त्या दिवशी “काल तर आणली” म्हणालात, की पुढच्या वेळी तो सांगायला येणार नाही.

साताऱ्याच्या मित्राला हे सगळं फोनवर ऐकवलं. तो ऐकत राहिला, मग म्हणाला, “अरे पण पोरगं म्हणतंय मित्रांच्या सायकलींना स्प्रिंग आहे, मला साधी दिली तर हसतील.” हसतील, खरंय. माझ्याही पोराला हसले. पहिले पंधरा दिवस त्यानं सायकल शाळेच्या मागच्या बाजूला लावली. मग एका रविवारी सगळी टोळी चौबटियाला गेली. चढावर कोण कुठे राहिलं ते मी विचारलं नाही. पण त्या संध्याकाळी दोन पोरं आमच्या क्वार्टरसमोर सायकली उलट्या करून बसली होती आणि आमचा चिरंजीव त्यांना केबलचा बोल्ट कसा कसायचा ते दाखवत होता.

आता रोज सकाळी शाळेला निघताना तो पुढचं चाक उचलून एकदा फिरवतो, दोन्ही ब्रेक दाबतो, टायर अंगठ्यानं दाबून पाहतो. अर्धा मिनिट. मी खिडकीतून पाहतो. एखाद्या दिवशी विसरला तर त्याची आई स्वयंपाकघरातून ओरडते, “फर्स्ट परेड!”

जय हिंद.